जवसाची चटणी खवट का झाली?
तेलातुपाची आतली गोष्ट

 

आज आमच्याच एका फजितीपासून सुरुवात करतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटानं दोन चटण्या विकायला केल्या, एक शेंगदाण्याची आणि एक जवसाची. जवस घरचं होतं, निवडून भाजलेलं, मिरची-लसूणही ताजा. पारदर्शक पिशव्यांत भरून, छान चिठ्ठी लावून आम्ही माल प्रदर्शनात मांडला. मांडवाखाली ऊन येत होतं, पण पिशव्या चमकत होत्या म्हणून आम्ही खूश. उरलेला माल दुकानात दिला. महिनाभरानं निरोप आला, "ताई, चटणीला वास मारतोय, घेऊन जा." शेंगदाण्याची चटणी बरी होती. जवसाची सगळी खवट. गटाच्या भांडवलातले चार हजार रुपये पाण्यात गेले.

बैठकीत मग एकमेकींवर बोट दाखवणं सुरू झालं. कुणी म्हणालं जवस जुनं होतं, कुणी म्हणालं नीट भाजलं नाही, कुणी म्हणालं हात ओला लागला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका मावशीनं विचारलं, "अगं, माझ्या फडताळातलं तूप सहा महिने झाले तरी चांगलं आहे. जवसालाच असं काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, पुस्तकं उघडली. तेव्हा कळलं की उत्तर हाताच्या स्वच्छतेत नव्हतं, तेलाच्या घडणीत होतं. आणि तीच घडण आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीतही आहे. ते आज सांगतो.

एकाच घराण्यातली चार भावंडं

तेल, तूप, लोणी, चरबी, मेण ही सगळी एकाच घराण्यातली. शास्त्रात या घराण्याला लिपिड म्हणतात, आपण स्निग्ध पदार्थ म्हणू. ओळखायची खूण सोपी आहे. ही मंडळी पाण्यात विरघळत नाहीत. तेलाचा हात नुसत्या पाण्यानं निघत नाही, तो याचमुळं.

सजीवांच्या शरीरात यांची मुख्य चार भावंडं भेटतात. पहिलं साठ्याचं, म्हणजे तेल-तूप-चरबी. दुसरं भिंतीचं, त्याचं नाव फॉस्फोलिपिड. तिसरं कोलेस्टेरॉलच्या जातीचं, त्याला स्टेरॉल म्हणतात. चौथं मेण. एकेकाला भेटू.

एक मूठ, तीन काड्या

तेलाचा किंवा तुपाचा अगदी लहानात लहान कण, म्हणजे रेणू, डोळ्यापुढं आणा. एका मुठीत तीन लांब काड्या धरल्यात असं समजा. मूठ म्हणजे ग्लिसरीन. काड्या म्हणजे मेदाम्लं. एका मुठीत तीन काड्या, म्हणून याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर हे नाव तुम्ही वाचलं असेल. ते हेच.

ज्वारीच्या धाटाला जशी पेरं असतात, तशी या काडीला कार्बनची पेरं असतात. आपल्या खाण्यातल्या बहुतेक काड्या १६ किंवा १८ पेरांच्या. तुपात काही अगदी आखूड, ४ पेरांच्याही असतात.

आता खरी गंमत पाहा. १८ पेरांच्या चार काड्या घ्या. पहिली सरळसोट, तिला स्टिअरिक आम्ल म्हणतात. दुसरीत एका ठिकाणी दुहेरी बंध असतो आणि तिथं काडी वाकते. ती ओलिक, शेंगदाण्याच्या तेलात भरपूर. तिसरीत दोन बाक, ती लिनोलिक, करडीच्या तेलात चारांत तीन काड्या जवळजवळ याच. चौथीत तीन बाक, ती लिनोलेनिक. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास हीच असते. चौघींची लांबी एकच, फरक फक्त बाकांचा.

बाकानं एवढं काय होतं? तुराट्यांची पेंडी बांधून पाहा. सरळ तुराट्या एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळा, मधे पोकळी राहतेच. तेलातुपाचंही तसंच. तुपात सरळ काड्या निम्म्याहून जास्त, म्हणून मार्गशीर्षातल्या थंडीत तूप थिजतं. करडीच्या तेलात वाकड्या काड्या जास्त, म्हणून वेळा अमावस्येच्या पहाटेलाही ते बाटलीत पातळच असतं. सरळ काड्यांच्या स्निग्धाला संपृक्त म्हणतात, वाकड्यांच्या स्निग्धाला असंपृक्त.

मग चटणी खवट का झाली?

दुहेरी बंधाची जागा ही काडीची कच्ची जागा. हवेतला प्राणवायू तिथंच घाव घालतो. काडी तुटते, तिचे लहान लहान तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांचा वास म्हणजेच खवट वास. ऊन आणि उजेड या कामाला जोर देतात. दोन बाकांची काडी एका बाकाच्या काडीपेक्षा कित्येक पटींनी लवकर बिघडते, आणि तीन बाकांची तिच्याहूनही साधारण दुप्पट वेगानं. सरळ काडीला अशी कच्ची जागाच नाही. म्हणून मावशीचं तूप टिकलं, शेंगदाण्याची चटणी तगली आणि जवस गेलं.

पण मग अख्खं जवस कणगीत वर्षभर कसं टिकतं? बीच्या पेशीत तेल मोकळं नसतं. त्याचे इवले इवले थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाला स्वतःचं पातळ आवरण असतं. वर टरफल. बी कुटलं की टरफल फुटतं, आवरणं फाटतात आणि तेल हवेला उघडं पडतं. आम्ही जवस कुटलं, पारदर्शक पिशवीत भरलं आणि उन्हात मांडलं. खवट व्हायला लागणारं सगळं आम्हीच पुरवलं होतं.

वाकडी काडी सरळ केली तर?

तेल टिकावं आणि तुपासारखं घट्ट व्हावं म्हणून कारखान्यात तेलात हायड्रोजन वायू सोडतात. मग वाकड्या काड्या सरळ होतात. यातूनच वनस्पती तूप आलं. आपल्याकडं डालडा १९३७ साली बाजारात आला आणि लग्नाकार्यात घराघरांत पोचला. पण हे काम अर्धवट झालं की काही काड्यांत दुहेरी बंध तसाच राहतो आणि बाक मात्र निघून जातो. याला ट्रान्स फॅट म्हणतात. ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक असल्याचं पुढं सिद्ध झालं. म्हणून आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के केली आहे. डबा घेताना मागच्या बाजूला हा आकडा लिहिलेला असतो. तो वाचायची सवय लावून घ्यावी.

दुसरं भावंड: पेशीची भिंत

तेलाच्या मुठीतली एक काडी काढून टाका आणि तिच्या जागी फॉस्फेटचं डोकं बसवा. झालं फॉस्फोलिपिड. आता याचा स्वभाव दुटप्पी झाला. डोक्याला पाणी आवडतं, उरलेल्या दोन काड्यांना म्हणजे शेपट्यांना पाणी नकोसं.

असे कोट्यवधी कण पाण्यात सोडले तर ते आपोआप दोन रांगा करतात. डोकी दोन्ही बाजूंनी पाण्याकडं आणि शेपट्या आत, एकमेकींकडं. आपल्या प्रत्येक पेशीभोवती हीच दुपदरी भिंत असते. तिला पेशीपटल म्हणतात. आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. काय आत घ्यायचं आणि काय नाही, हे तिच्यात बसवलेली प्रथिनांची दारं ठरवतात. ही भिंत इतकी पातळ की एका मिलिमीटरच्या जाडीत तिचे दोन लाख थर मावतील.

दोनच पदर आहेत हे कळलं कसं? १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेन्डेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यातलं सगळं स्निग्ध काढलं आणि पाण्यावर एका थरात पसरलं. त्यानं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. दुप्पट, म्हणजे दोन पदर. पाण्यावर तेलाचा तवंग पसरलेला आपण रोज पाहतो. त्यांनी तो मोजला.

आपल्या घरात हे भावंड कुठं भेटतं? ताक घुसळताना. दुधात पाणीही असतं आणि स्निग्धही, तरी दूध एकजीव दिसतं. कारण स्निग्धाच्या प्रत्येक थेंबावर फॉस्फोलिपिडचं आवरण असतं, आणि ते आवरण म्हशीच्या कासेतल्या पेशीनं आपल्याच भिंतीतून दिलेलं असतं. रवी फिरली की आवरणं फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोणी वर येतं. पहाटेच्या गारव्यात घुसळायचं, उन्हाळ्यात गार पाणी घालायचं, हे आजीनं शिकवलं त्यालाही कारण आहे. थोडं स्निग्ध थिजलेलं असलं तरच थेंब फाटून नीट चिकटतात.

दुसरी जागा म्हणजे आपलं सोयाबीन. लातूरची सोयाबीनची बाजारपेठ तर सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीत सोयाबीनचं कच्चं तेल निघतं तेव्हा त्यात फॉस्फोलिपिड असतात. तेलात थोडं गरम पाणी मिसळलं की ते पाणी धरून फुगतात आणि चिकट गाद होऊन वेगळे पडतात. या गादीपासूनच लेसिथिन तयार होतं. घरात बिस्किटाचा किंवा चॉकलेटचा पुडा असेल तर बारीक अक्षरं वाचा. लेसिथिन किंवा ३२२ असा आकडा बहुधा दिसेल. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला ते घालतात. आपण मातीमोल भावानं विकलेल्या सोयाबीनमधला हा पदार्थ आपण दहा रुपयांच्या पुड्यातून परत घेतो.

तिसरं भावंड: बदनाम झालेलं कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉलची घडण वेगळीच. त्यात लांब काड्यांची मूठ नाही, चार कडी एकमेकांत जोडलेली. ते पेशीच्या भिंतीत शेपट्यांच्या मधे बसतं आणि भिंत फार ढिली किंवा फार ताठ होऊ देत नाही. मासिक पाळी चालवणारी संप्रेरकं त्याच्यापासून होतात. स्निग्ध पचवणारा पित्तरस त्याच्यापासून होतो. कातडीवर ऊन पडल्यावर ड जीवनसत्त्व तयार होतं तेही त्याच्या सख्ख्या भावंडापासून. म्हणून शरीर बरंचसं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतं, मुख्यतः यकृतात.

रक्तात ते प्रमाणाबाहेर वाढलं तर रक्तवाहिन्यांत साचतं, हे खरं आहे. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय त्यांनी ते पाळावंच. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाण्यातलं कोलेस्टेरॉल येतं ते प्राण्यांपासून, म्हणजे अंडी, मटण, दूध-तुपातून. झाडाच्या तेलात ते नसल्यात जमा असतं. मग पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल नाही' असं लिहिलं तर त्यात काय विशेष? ते घाण्यावरच्या करडीच्या तेलातही नाही आणि शेंगदाण्याच्या तेलातही नाही. आमच्या गटातली एक ताई त्या अक्षरांसाठी किलोमागं पंचवीस रुपये जास्त देत होती.

रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढायला खाण्यातल्या सरळ काड्याही कारण ठरतात. पामतेलात जवळजवळ निम्म्या काड्या सरळ असतात, आणि त्या पिशवीवरही 'कोलेस्टेरॉल नाही' हे खोटं ठरत नाही. म्हणून पुढचं अक्षर वाचू नका, मागचा तक्ता वाचा. संपृक्त किती, असंपृक्त किती, ट्रान्स किती.

चौथं भावंड: ज्वारीचं मेण

मेणात एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल जोडलेलं असतं. मधमाशीचं पोळं त्याचंच. पण आपल्याला रोज दिसणारं मेण ज्वारीवर आहे. ज्वारीच्या धाटावर आणि पानाच्या खोळीवर बोट फिरवा, पांढरी भुकटी लागते. ते मेण. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ज्वारीनं घेतलेलं हे पांघरूण आहे. पावसानं दडी मारली तरी ज्वारी तग धरते, त्यात या पांघरुणाचाही वाटा आहे. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तेही मेणामुळंच.

आपल्या ताटासाठी याचा अर्थ काय?

बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर एका काकूंनी हळूच विचारलं, "मग सुनेला तूप द्यायचं की नाही? सातवा महिना आहे. कुणीतरी म्हणालं तेल-तूप बंद कर, म्हणून मी महिनाभर दिलंच नाही."

मैत्रिणींनो, आजचं बोलणं खरं तर या काकूंसाठी आहे. पोटातलं बाळ म्हणजे रोज नव्यानं तयार होणाऱ्या पेशी. प्रत्येक पेशीला भिंत लागते आणि भिंत स्निग्धाची. मेंदूतलं पाणी वगळलं तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त स्निग्धच असतं. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ताकद स्निग्धातून येते. लिनोलिक आणि लिनोलेनिक, म्हणजे दोन बाकांची आणि तीन बाकांची काडी, आपलं शरीर बनवूच शकत नाही. ती खाण्यातूनच यावी लागते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धातच विरघळतात. पालेभाजीला फोडणीच दिली नाही तर तिच्यातलं अ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य अंगी नीट लागत नाही. गरोदर बाईचं तेल-तूप परस्पर बंद करणं म्हणजे बाळाच्या भिंतीच्या विटा काढून घेण्यासारखं आहे. डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी सांगितलं असेल तरच पथ्य करावं, शेजारणीच्या सांगण्यावरून नाही.

म्हणून भरमसाट ओतावं असंही नाही. एक ग्रॅम पिठातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलंय, म्हणजे सहा छोटे चमचे. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला चार किलोच्या आसपास. रानात राबणारीला थोडं जास्त चालेल, बसून काम करणाऱ्याला नाही. आपल्या घरात महिन्याला किती लागतं, ते एकदा मोजून पाहा.

आणि एकाच तेलाला चिकटून राहू नका. करडीच्या तेलात तीन बाकांची काडी जवळपास नाहीच, जवसात ती भरपूर. शेंगदाण्यात एका बाकाची जास्त. आपल्या आज्या फोडणीला करडी, भाकरीवर जवस-कारळाची चटणी आणि भातावर चमचाभर तूप देत होत्या. चारही काड्या ताटात येत होत्या. सोयाबीन आल्यापासून आपल्या रानातली करडी आणि जवस कमी झालं. रब्बीत चार तासं तरी करडीची आणि दोन जवसाची घरापुरती टाकावीत, असं आमचं सांगणं आहे. परभणी कृषी विद्यापीठाचं लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, तिथं वाणाची चौकशी करता येईल.

तळणाचा धंदा करणाऱ्या गटांसाठी एक गोष्ट. तेच तेल परत परत तापवलं की काड्या तुटतात, एकमेकींत गुंततात, तेल काळं आणि चिकट होतं. तळणीच्या तेलात असे बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा सरकारी नियम आहे. फेस येणं, धूर लवकर सुटणं आणि घट्टपणा या त्याच्या घरगुती खुणा. त्या दिसल्या की तेल टाका. उरलेल्यात नवं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका.

आमच्या गटानं काय बदललं

आता आम्ही जवस अख्खंच साठवतो आणि मागणी आली की आठवड्यापुरतंच कुटतो. पारदर्शक पिशवी बंद केली. उजेड न शिरणारी पिशवी घेतली, हवा दाबून काढून तोंड बंद करतो. चिठ्ठीवर कुटल्याची तारीख लिहितो आणि 'एका महिन्यात संपवा, सावलीत ठेवा' असंही. प्रदर्शनात एकच पिशवी बाहेर मांडतो, बाकीचा माल खोक्यात, टेबलाखाली. पिशवीचा खर्च वाढला, पण नंतर जवसाची एकही पिशवी परत आली नाही.

त्या चार हजारांबद्दल आता कुणी कुणाकडं बोट दाखवत नाही. काकूंच्या सुनेच्या ताटात आता चमचाभर तूप असतं, आणि भाकरीवर ताजी कुटलेली जवसाची चटणी.

तुमच्या गटात कुठला माल लवकर बिघडतो, ते पुढच्या बैठकीत बोला. त्यात कुठलं तेल आहे, ते हवेला आणि उजेडाला किती उघडं पडतं, हे आधी पाहा. एकमेकींवर बोट नंतर दाखवता येईल, बहुतेक वेळा त्याची गरजच पडणार नाही. येतो आम्ही. नमस्कार.